मत्स्यबीजाचे गुरू : प्राध्यापक हीरालाल चौधुरी

१० जुलै हा दिवस सन २००१ पासून आपल्या देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळण्यात येतो. त्या दिवशी ठिकठिकाणी मेळावे भरतात आणि मत्स्यसंवर्धनावर व्याख्याने होतात. परंतु हीच तारीख का निवडण्यात आली, हे शेततळ्यात बोटुकली सोडणाऱ्या पुष्कळ शेतकरी बंधूंना ठाऊक नसते. १९५७ साली याच तारखेस ओरिसा (आताचे ओडिशा) राज्यातील अंगुल येथे प्राध्यापक हीरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी आपल्या देशी मोठ्या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी रीत्या घडवून आणले. नदीच्या पुराशिवाय जो मासा अंडी घालीत नसे, त्याने साठवलेल्या पाण्यात, माणसाने ठरविलेल्या वेळी अंडी घातली. आज खेड्यापाड्यांतील तळ्यांत जे मत्स्यबीज सोडले जाते, त्याचा उगम या घटनेत आहे.

काचेच्या पेटीत चार रंगीत मासे पाळणारा हौशी असो अथवा गावतळ्यात हजारो मासे वाढविणारा शेतकरी असो, दोघांचीही विद्या मुळात एकच आहे. पाण्यातील जिवाची गरज ओळखणे आणि ती पुरी करणे, ही ती विद्या होय. ती पुढच्या पिढीच्या हाती देणारा गुरू प्रत्येक देशात व प्रत्येक काळात कोणी तरी असतोच. भारतीय मत्स्यसंवर्धनात हा मान हीरालाल चौधुरी यांना देण्यात येतो. त्यांना प्रेरित प्रजननाचे जनक म्हणतात, ते याच कारणाने.

पूर्वीची अडचण

या कार्याचे मोल समजावयाचे तर त्यापूर्वी मत्स्यबीज कोठून मिळत असे, हे पाहिले पाहिजे. कटला, रोहू व मृगळ हे आपल्या गोड्या पाण्यातील तीन प्रमुख वाढीचे मासे. तिन्ही एकाच तळ्यात सुखाने नांदतात, कारण कटला वरच्या थरातील, रोहू मधल्या थरातील व मृगळ तळाशी मिळणारे खाद्य खातो. एकाच शेतात ज्वारी, तूर व मूग घ्यावा, तसा हा मेळ आहे. मात्र या माशांत एक मोठी अडचण होती. ते तळ्यात वाढत, वयात येत, मादीच्या पोटात अंडीही तयार होत, परंतु ती अंडी बाहेर पडत नसत. पावसाळा संपला म्हणजे ती पोटातल्या पोटात जिरून जात.

त्यामुळे सर्व भिस्त नदीवर असे. पावसाळ्यात नद्यांना पूर आला म्हणजे काठच्या उथळ पाण्यात मासे अंडी घालीत. वाहत्या पाण्यात बारीक जाळी लावून ती अंडी व पिले गोळा करण्यात येत. हा व्यवसाय विशेषतः बंगाल्यात चाले आणि तेथून देशाच्या अन्य भागांना बीज पाठविले जाई. महाराष्ट्रातील तलावांसाठीही एके काळी कलकत्त्याहून रेल्वेने बीज आणावे लागे. प्रवासात त्यातील पुष्कळसे मरे. जे वाचे, ते निर्भेळ असेलच अशी खात्री नसे. नदीत जाळे लावणाऱ्यास कोणते पिलू कोणत्या जातीचे, हे त्या वयात ओळखता येत नाही. रोहू म्हणून आणलेल्या बीजात मरळ, शिवडा यांसारख्या मांसाहारी माशांची पिले निघत आणि तीच इतरांना खाऊन फस्त करीत. वर्षभर शेणखत व खुराक घालून शेवटी जाळे ओढावे आणि हाती मूठभर नको असलेले मासे यावेत, असा अनुभव कित्येकांना येई. पाऊस उशिरा आला किंवा पूर आलाच नाही, तर त्या वर्षी बीजच नसे.

बांकुरा व मेदिनीपूर या बंगालच्या जिल्ह्यांत एक जुनी युक्ती मात्र प्रचलित होती. उतारावरील तळ्यांना बांध घालून पावसाचे वाहते पाणी त्यांत घेत आणि त्या आभासी पुरात मासे अंडी घालीत. ही युक्ती हुशारीची असली, तरी तीही पावसाच्याच स्वाधीन होती.

सिल्हेटचा विद्यार्थी

हीरालाल चौधुरी यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९२१ रोजी सिल्हेट जिल्ह्यात झाला. हा प्रदेश आता बांगलादेशात आहे. तेथे पावसाळ्यात नदी, शेत व तळे यांच्यातील सीमा पुसल्या जातात आणि मासा हे घरोघरचे अन्न असते. कलकत्ता विद्यापीठात प्राणिशास्त्राचा अभ्यास पूर्ण केल्यावर ते केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन केंद्रात रुजू झाले. हे केंद्र १९४७ साली स्थापन झाले आणि पुढे कलकत्त्याजवळील बराकपूर येथे नावारूपास आले. अमेरिकेतील ऑबर्न येथेही चौधुरी यांनी मत्स्यसंवर्धनाचे उच्च शिक्षण घेतले. तळ्याचे पाणी व माशांचे उत्पादन यांच्या अभ्यासासाठी ते स्थान त्या काळी प्रसिद्ध होते.

माशाच्या मेंदूच्या खालच्या बाजूस, कवटीच्या एका लहानशा खळग्यात, पीयूष ग्रंथी नावाची एक बारीक ग्रंथी असते. ज्वारीच्या दाण्याहूनही ती लहान असते आणि मध्यम आकाराच्या माशात तिचे वजन अवघे काही मिलिग्रॅम भरते. परंतु अंडी पक्व होणे व ती बाहेर पडणे या क्रियांची किल्ली तिच्याच ताब्यात असते. पुराचे ताजे पाणी, त्याचा प्रवाह व बदललेले तापमान यांची जाणीव माशाच्या मेंदूस झाली म्हणजे ही ग्रंथी आपला रस रक्तात सोडते आणि त्यानंतर अंडाशय मोकळे होते. तळ्यातील स्थिर पाण्यात ही सूचना मिळत नाही, म्हणून अंडी अडकून राहतात.

हे तत्त्व चौधुरी यांनी प्रथम शोधून काढले असे नव्हे. दक्षिण अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून इतर माशांना अंडी घालावयास लावण्यात यश आले होते. आपल्याकडेही १९३८ च्या सुमारास हमीद खान यांनी सस्तन प्राण्यांच्या ग्रंथीचा अर्क मृगळ माशास देऊन पाहिला होता. परंतु देशी मोठ्या माशांच्या बाबतीत भरवशाची अशी पद्धत हाती आलेली नव्हती. अर्क कोणत्या प्राण्याचा घ्यावा, किती द्यावा, केव्हा द्यावा व माशाची तयारी कशी ओळखावी, हे सर्व प्रश्न तसेच उभे होते.

लहान माशापासून आरंभ

चौधुरी यांच्या कामातून घेण्यासारखा मोठा धडा येथेच आहे. त्यांनी आरंभ चार किलोच्या कटल्यापासून केला नाही. १९५५ च्या सुमारास त्यांनी एसोमस डॅनरिकस या बोटाएवढ्या मासोळीवर प्रयोग केला. लांब मिशा असलेली ही चपळ मासोळी आपल्या ओढ्यांत व डबक्यांत सापडते आणि हौशी लोक ती काचपेटीतही पाळतात. तिला कटल्याच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचण्यात आला आणि तिने अंडी घातली. खर्च थोडा, मासोळ्या मुबलक, आणि प्रयोग फसला तरी मोठी हानी नाही. मोठ्या माशांपर्यंत पोहोचण्याची वाट या लहान मासोळीने दाखविली.

त्यानंतर मोठ्या माशांवरील प्रयोग हाती घेण्यात आले. सस्तन प्राण्यांच्या ग्रंथीपेक्षा माशाचीच ग्रंथी अधिक गुणकारी ठरते, आणि तीही पूर्ण वयात आलेल्या माशाची व योग्य हंगामात काढलेली असावी लागते, हे अनुभवाने स्पष्ट झाले. अखेर १९५७ च्या पावसाळ्यात अंगुल येथे मृगळ व रोहू यांच्यासह काही जातींच्या माशांनी अर्क टोचल्यावर अंडी घातली आणि त्यांतून निकोप पिले निघाली. कटला या बाबतीत अधिक अवघड मासा आहे, परंतु पुढे त्याच्याही बाबतीत यश मिळाले. चौधुरी यांनी आपल्या प्रयोगांवरील सविस्तर निबंध १९६० साली प्रसिद्ध केला. १९५९ साली परदेशांतून आणलेले गवत्या व चंदेरा हे मासे नदीच्या पाण्यापासून दूर, आपल्या तळ्यांत वाढत होते. १९६२ साली कटक येथे याच पद्धतीने त्यांचेही बीज तयार करण्यात आले. सहा जातींच्या माशांच्या मिश्र संवर्धनाचा पाया त्यामुळे घातला गेला.

पद्धतीचे स्वरूप

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना या पद्धतीची रूपरेषा ठाऊक असणे अगत्याचे आहे. बाजारात विक्रीस आलेल्या प्रौढ माशाचे डोके एरवी फेकले जाई. त्यातूनच ग्रंथी काढून ती शुद्ध अल्कोहोलमध्ये जतन करीत. वापराच्या वेळी ती खलात घोटून ऊर्ध्वपातित पाण्यात तिचा अर्क करीत व वरचे निवळ पाणी सुईने टोचीत. मादीस दर किलो वजनामागे प्रथम २ ते ३ मिलिग्रॅम ग्रंथीचा अर्क आणि सुमारे सहा तासांनी ५ ते ८ मिलिग्रॅमचा दुसरा अर्क देण्यात येई. नरास दुसऱ्या वेळी एकदाच २ ते ३ मिलिग्रॅमची मात्रा पुरे होई. एका मादीमागे दोन नर घेऊन हा संच पाण्यात बांधलेल्या कापडी हाप्यात सोडीत. दुसऱ्या मात्रेनंतर साधारणतः चार ते सहा तासांत मासे अंडी घालीत. पाण्याचे तापमान २७ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यास १४ ते २० तासांत पिले बाहेर येतात आणि पोटाशी असलेली अन्नाची पिशवी तीन दिवसांत संपल्यावर ती स्वतः खाऊ लागतात. या अवस्थेतील पिलांस आपण मत्स्यजिरे म्हणतो.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ओव्हाप्रिमसारखी तयार संप्रेरके उपलब्ध झाली. ती नर व मादी या दोघांसही एकाच वेळी देता येतात आणि ग्रंथी गोळा करण्याचा खटाटोप वाचतो. हाप्याची जागा गोल फिरत्या पाण्याच्या हौदांनी घेतली. शोभिवंत माशांच्या धंद्यातही ही विद्या उपयोगी पडली. काचपेटीत शोभून दिसणारी लाल शेपटीची काळी मासोळी आज जगभर विकली जाते, ती बहुतांशी संप्रेरक देऊन तयार केलेल्या बीजातूनच. साधने बदलली, परंतु मूळ विचार १९५७ सालचाच राहिला.

या विद्येने काय घडविले

सन १९५०-५१ मध्ये आपल्या देशात गोड्या पाण्यातील व अन्य अंतर्देशीय मासळीचे उत्पादन सुमारे २.१८ लक्ष टन होते. सन २०२२-२३ मध्ये ते सुमारे १३१ लक्ष टनांवर गेले. इतकी वाढ एका शोधाने झाली, असे म्हणणे योग्य होणार नाही. तलाव, खाद्य, भांडवल, मच्छीमार सहकारी संस्था व कष्टाळू शेतकरी यांचा वाटा त्यात मोठा आहे. परंतु हवे तेव्हा व हव्या त्या जातीचे बीज मिळाल्याखेरीज यांतील एकाही गोष्टीचा उपयोग झाला नसता. पेरणीच्या वेळी बियाणे नसेल, तर उत्तम जमीन आणि बैलजोडी असून काय करावयाचे? तीच गोष्ट तळ्याची.

१९६१ साली मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली. देशभरच्या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांच्या पिढ्या तेथे शिकून गेल्या आणि प्रेरित प्रजनन हा त्यांच्या शिक्षणाचा नित्याचा भाग बनला. चौधुरी यांनी स्वतः पुढे आग्नेय आशियातील देशांतही मत्स्यसंवर्धनाचे मार्गदर्शन केले. १२ सप्टेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांची विद्या खेड्यातील बीजकेंद्रावर रात्री कंदील धरून उभ्या राहणाऱ्या कामगारापर्यंत पोहोचली होती. त्यांतील कित्येकांनी त्यांचे नावही ऐकलेले नसेल. विद्या इतकी सर्वांची व्हावी की ती कोणाची हे विसरले जावे, यात शिकविणाऱ्याचे यशच आहे. परंतु विद्येबरोबर तिची शिस्तही विसरली गेली, तर मात्र नुकसान होते.

आजचा धोका

हे नुकसान आज काही ठिकाणी दिसू लागले आहे. बीज सहज मिळू लागले, त्याबरोबर ते कोणत्या मातापित्यांचे आहे, याकडे दुर्लक्ष होऊ लागले. एकाच केंद्रात वर्षानुवर्षे त्याच माशांच्या वंशातून बीज काढीत राहिल्यास जवळच्या नात्यातील संकर होतो. पिलांची वाढ मंदावते व रोगाला तोंड देण्याची शक्ती कमी होते. कमी श्रमात काम उरकावे म्हणून कटला, रोहू व मृगळ एकाच हौदात एकत्र प्रजननास सोडल्यास त्यांची मिश्र पिले निपजतात. ती पुढे नदीनाल्यांत गेली म्हणजे मूळ जातीचा शुद्धपणाही धोक्यात येतो. पूर्वी नदीने भेसळ केली तर तो निसर्गाचा भाग होता. आज हौदात भेसळ झाली, तर ती माणसाच्या आळसाने होते. जी भेसळ टाळण्यासाठी प्रेरित प्रजननाचा एवढा उपयोग झाला, तीच भेसळ त्याच पद्धतीने पुन्हा घरात आणणे हे त्या गुरूच्या कार्याशी विसंगत होय.

म्हणून बीजकेंद्र चालविणाऱ्यांनी प्रजनक माशांची नोंदवही ठेवावी. मासा कोठून आणला, केव्हा वापरला व त्याची पिले कोठे गेली, हे तीत लिहावे. दुसऱ्या केंद्रांशी किंवा नदीतील माशांशी वेळोवेळी प्रजनकांची अदलाबदल करावी. प्रत्येक जातीस स्वतंत्र हौद द्यावा. टोचण्यापूर्वी माशाची तयारी पाहावी. मादीचे पोट फुगलेले व मऊ असते आणि तिचे जननद्वार सुजल्यासारखे गुलाबी दिसते. नराच्या छातीजवळील पराला वरून हात लावल्यास तो खरखरीत लागतो आणि पोट हलके दाबताच दुधासारखा द्रव येतो. मासा तयार नसेल, तर कितीही मात्रा दिली तरी उपयोग होत नाही. हे काम शिक्षण घेतलेल्या माणसानेच करावे.

बीज विकत घेणाऱ्या शेतकरी बंधूंनीही पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. बीज नोंदणीकृत व माहितीतल्या केंद्रातूनच घ्यावे. जात व वय विचारून पावती घ्यावी.

२. पसरट भांड्यात थोडी पिले घेऊन पाणी हाताने गोल फिरवावे. सशक्त पिले प्रवाहाविरुद्ध पोहतात, अशक्त पिले मध्यभागी गोळा होतात.

३. वर्षभर पाणी टिकणाऱ्या तळ्यात शक्यतो ८ ते १० सेंटिमीटर लांबीची बोटुकली सोडावी. बारीक मत्स्यजिरे थेट मोठ्या तळ्यात सोडल्यास त्यांतील फार थोडी जगतात. ती प्रथम संगोपन तळ्यातच वाढवावीत.

४. आणलेली पिशवी एकदम उघडून ओतू नये. ती पंधरा ते वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तीत थोडे थोडे तळ्याचे पाणी घालावे आणि पिले आपणहून बाहेर जाऊ द्यावीत. हे काम सकाळी अथवा सायंकाळी करावे.

५. बीज सोडण्यापूर्वी तळ्यातील मरळ, शिवडा यांसारखे मांसाहारी मासे जाळे ओढून काढून टाकावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या १० जुलैस व्याख्यानाबरोबर आणखी एक काम हाती घ्यावे. आपल्या गावातील तळ्यांत गेल्या वर्षी कोणत्या केंद्राचे, कोणत्या जातीचे किती बीज सोडले आणि वर्षाअखेर किती मासळी निघाली, याची साधी यादी शेतकऱ्यांच्या मदतीने करावी. जेथे उत्पादन अपेक्षेहून फार कमी आले असेल, तेथे बीजाचा उगम अवश्य तपासावा. पुष्कळदा दोष पाण्याचा वा खुराकाचा समजला जातो आणि तो बीजात असतो.

बोटाएवढ्या मासोळीवर आधी प्रयोग करून मगच मोठ्या माशाकडे वळणे, हंगाम व माशाची तयारी पाहून सुई हाती घेणे आणि जे दिसले ते लिहून ठेवणे, ही प्राध्यापक हीरालाल चौधुरी यांच्या कामाची रीत होती. तिला मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. एक वही, एक पसरट भांडे आणि तळ्याच्या काठी थोडा वेळ थांबण्याची सवय एवढ्यावर ती कोणत्याही गावात सुरू करता येईल.